सिंगापूरचे जेवण आणि आपला डबा

माझी नात नोकरीनिमित्त सिंगापूरला असते. गेल्या वर्षी हनुक्का झाल्यावर तिने मला तीन आठवडे तिकडे नेले. या वयात एवढा प्रवास झेपेल की नाही अशी धाकधूक होती, पण झेपला. परत आल्यावर आमच्या सिनेगॉगमधल्या भगिनींनी विचारले, "काय काय पाहिलेत?" मी म्हटले, "लोक जेवताना पाहिले." सगळ्या हसल्या. पण खरेच, तिथे पाहण्यासारखी आणि त्याहून शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. जन्मभर शाळेत शिकवण्याची सवय, तेव्हा जे पाहिले ते नीट मांडून सांगते.

सिंगापूर हे छोटे बेट. 1819 साली इंग्रजांच्या कंपनीचा स्टॅमफर्ड रॅफल्स तेथे उतरला आणि त्याने व्यापारी ठाणे उघडले. त्या वेळी बेटावर मलय आणि थोडे चिनी लोक राहत होते. जकात नसलेले बंदर म्हटल्यावर चहूकडून माणसे आली. दक्षिण चीनमधून फुकियन, तिओच्यू, कँटोन, हाक्का आणि हायनान येथले लोक आले. जावा-सुमात्रातून मलय-जावानीज आले. मद्रासकडचे तमिळ, केरळचे मलबारी, सिलोनचे लोक आले. आणि बगदादचे यहुदी मुंबई-कलकत्त्याच्या वाटेने आले. आज तेथे दर चार माणसांत साधारण तीन चिनी, उरलेल्यांत मलय जास्त आणि भारतीय त्याहून कमी. पण जेवणाच्या टेबलावर हा हिशेब चालत नाही. तेथे सगळेच सगळ्यांचे खातात.

रस्त्यावरची चूल

असे का झाले? पहिले कारण अगदी साधे आहे. सुरुवातीला आलेले बहुतेक सगळे एकटे पुरुष होते. गोदीतले हमाल, रिक्षा ओढणारे, गवंडी. दहा-दहा, वीस-वीस जण एका खोलीत राहत. ना बायको, ना चूल. मुंबईतल्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायका होत्या, तशी सोयही तेथे फारशी नव्हती. मग खांद्यावर कावड घेऊन फिरणारे विक्रेते आले. कावडीच्या एका टोकाला पेटती शेगडी, दुसऱ्या टोकाला वाट्या आणि सामान. प्रत्येकाने आपापल्या गावचा पदार्थ विकायला घेतला, कारण गावाकडच्या माणसाला तोच हवा होता. दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसाला संध्याकाळी आईच्या हातची चव आठवते. ती दोन पैशांत कोपऱ्यावर मिळाली की त्याला गाव भेटल्यासारखे वाटते. सिंगापूरचे 'घरचे जेवण' असे रस्त्यावर जन्मले.

दुसरे कारण शेजार. तमिळ विक्रेत्याच्या बाजूला चिनी, चिन्याच्या बाजूला मलय. एकाचा मसाला दुसऱ्याच्या कढईत गेला. याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'मी गोरेंग'. 'मी' म्हणजे शेवया, हा चिनी शब्द. 'गोरेंग' म्हणजे परतलेले, हा मलय शब्द. आणि करणारे कोण, तर तमिळ मुसलमान. चिन्यांच्या पिवळ्या जाड शेवया, त्यात मिरचीचे वाटण, टोमॅटो, बटाटा, वर लिंबू. हा पदार्थ ना चीनमध्ये मिळतो, ना मद्रासमध्ये. तीच गोष्ट चहाच्या दुकानाची. त्याला 'कोपीतियाम' म्हणतात. 'कोपी' मलय, 'तियाम' म्हणजे दुकान, चिनी. आणि आपला 'रोटी' शब्द तर मलय भाषेत सरसकट पावाला लावतात! दक्षिणेकडचा पदरांचा परोठा तेथे 'रोटी प्राटा' झाला आहे. सकाळी सकाळी डाळ किंवा माशाच्या कालवणाबरोबर चिनी, मलय, भारतीय सगळे तो खातात.

तिसरे कारण सरकार. 1965 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हजारो विक्रेते रस्त्यावर होते. पाणी नाही, गटारे तुंबलेली, पटकीची भीती. सरकारने 1968-69 मध्ये सगळ्यांची नोंदणी केली आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांना छपराखाली आणले. ओळीने लहान लहान गाळे, प्रत्येकाला नळ आणि वीज, मधे सर्वांसाठी टेबले. यालाच 'हॉकर सेंटर' म्हणतात. आज अशी शंभराहून अधिक आहेत. आपल्या मुंबईची खाऊगल्ली धुऊन-पुसून छपराखाली ठेवावी, तसे हे. 2020 साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली.

एक गोष्ट मला फार आवडली. उष्टी ताटे परत ठेवायला तेथे दोन वेगळ्या जागा असतात, एक हलाल ताटांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. डुकराचे मांस खाणारा आणि न खाणारा एकाच टेबलावर बसतात, पण ताटे मिसळत नाहीत. दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी ठेवणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

उशिरा आलेल्यांची गोष्ट

आता सिंगापूरचा सर्वांत लाडका पदार्थ पाहू : हायनानी कोंबडी-भात. दिसायला अगदी साधा. पांढरी उकडलेली कोंबडी, भात, काकडीच्या चकत्या, आले-मिरचीची चटणी आणि वाटीभर पाणीदार सूप. पण त्यामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

हायनान हे चीनच्या दक्षिणेचे बेट. तेथले लोक सिंगापूरला उशिरा पोहोचले. तोवर व्यापार फुकियन आणि तिओच्यू लोकांच्या हाती गेला होता. उरलेली कामे म्हणजे इंग्रजांच्या बंगल्यांत, श्रीमंतांच्या घरी, हॉटेलांत आणि जहाजांवर आचारी किंवा बटलर होणे. ती त्यांनी केली. 1942 मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतले. इंग्रज मालक कैदेत गेले आणि आचारी उघड्यावर पडले. त्या तीन-साडेतीन वर्षांत लोकांनी रताळी आणि टॅपिओकाचे कंद खाऊन दिवस काढले. तेव्हा आणि युद्धानंतर अनेक हायनानींनी स्वतःची लहान दुकाने उघडली. मिडल रोडवरचे 'स्वी की' हे कोंबडी-भाताचे दुकान युद्धानंतर नावारूपाला आले आणि 1997 पर्यंत चालले.

या पदार्थाची युक्ती काटकसरीत आहे. एका कोंबडीत काही वाया जात नाही. कोंबडी ज्या पाण्यात उकडली त्याचे सूप होते, त्यातच भात शिजतो; चरबी काढून तिच्यात आले-लसूण आणि तांदूळ परततात; मांसाचे पातळ काप केले की थोड्यात पुष्कळांचे भागते. शिजलेली कोंबडी एकदम गार पाण्यात बुडवायची म्हणजे कातडी मऊ राहते, ही कँटोनी लोकांची पद्धत. भातात केवड्याच्या जातीचे एक सुगंधी पान टाकतात, ते मलय स्वयंपाकघरातून आले. तिखट चटणीही तिकडचीच चव. म्हणजे नाव हायनानचे, पण हायनानमध्ये जाऊन मागितले तर असाच मिळणार नाही.

याच हायनानी आचाऱ्यांनी 'काया टोस्ट' रूढ केला. इंग्रज साहेबाला न्याहारीला पाव आणि जॅम लागे. जॅमच्या जागी यांनी 'काया' लावला. काया म्हणजे अंडी, साखर आणि नारळाचे दूध मंद आचेवर तासन् तास ढवळून केलेला गोड मुरंबा. निखाऱ्यावर भाजलेला पाव, काया, लोण्याची चकती, सोबत अर्धी उकडलेली अंडी आणि कापडी पिशवीतून गाळलेली काळी कॉफी. साहेब गेला, न्याहारी राहिली. आज बँकेतला साहेब आणि झाडूवाला दोघेही तीच खातात.

येथे एक गंमत सांगते. 1825 पासून 1873 पर्यंत इंग्रजांनी बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूरला पाठवले. तेथले सेंट अँड्र्यूजचे मोठे चर्च त्यांनीच बांधले. त्याच्या भिंतींचा गिलावा चुना, अंड्याचा पांढरा बलक, गूळसाखर आणि नारळाच्या सोडणांचे पाणी घालून घोटला होता. अंडी, गोड आणि नारळ! पावावर लावायचे सामान आणि भिंतीला लावायचे सामान जवळजवळ एकच. घोटण्याचे कष्टही तेवढेच असावेत.

भारतीयांनी दिलेल्या पदार्थांत माशाच्या डोक्याचे कालवण सर्वांत प्रसिद्ध. केरळातून आलेल्या गोमेझ नावाच्या खानावळवाल्याने 1949 च्या सुमारास ते सुरू केले, असे सांगतात. चिनी गिऱ्हाइकांना माशाचे डोके प्रिय, आणि याला मसाला ठाऊक. दोन्ही एका भांड्यात आले. चिंचेचा आंबटपणा, भेंडी, वांगे, मिरची. अलिबाग-पेणकडच्या कोणाही बेने इस्रायल बाईने वास घेतला असता तर म्हणाली असती, हे तर आमच्याच आळीतले.

आपलेच लोक, पण दारामागे

आता आपल्या लोकांकडे येते. 1830 च्या खानेसुमारीत सिंगापुरात नऊ यहुदी व्यापारी नोंदलेले आहेत. ते बगदादी. मुंबईत डेव्हिड ससून आले त्याच काळातली ही माणसे. अफू, कापड, मसाले यांचा व्यापार करणारी. पुढे गरीब कुटुंबेही आली आणि मिडल रोड, सेलेगी रोड, सोफिया रोड या भागात राहू लागली. त्या वस्तीला ते 'महल्ला' म्हणत. वॉटर्लू स्ट्रीटवरचे 'मागेन आवोथ' सिनेगॉग 1878 चे, आणि सर मनासे मेयर यांनी बांधलेले 'हेसेद एल' 1905 चे. लिटल इंडियात बेलिलियोस रोड आहे. तो कलकत्त्याहून आलेल्या यहुदी गुरांच्या व्यापाऱ्याच्या नावाचा. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल (1955-56) हे याच बगदादी समाजातले.

शब्बाथला मी मागेन आवोथमध्ये गेले. मुंबईच्या सिनेगॉगची आठवण झाली. शेजारी 2007 साली बांधलेली समाजाची इमारत आहे आणि तेथे काशेर जेवणाची सोय आहे. माझे तीन आठवड्यांचे बाहेरचे जेवण तेवढेच. हॉकर सेंटरमध्ये मी फक्त शहाळ्याचे पाणी प्याले आणि डोळ्यांनी जेवले.

तेथे माझ्या मनात एक गोष्ट आली. कोंबडी-भाताचे 'स्वी की' मिडल रोडला. गोमेझचे कालवण सोफिया रोडच्या बाजूला. म्हणजे ज्या महल्ल्यात यहुदी बायका शुक्रवारी कोंबडी आणि भात एकत्र मंद आचेवर ठेवून शब्बाथचे 'हामीन' करीत, त्याच गल्ल्यांत हे दुसरे पदार्थ विकले जात होते. हामीनही कोंबडी-भातच! मग एक सगळ्या शहराचा झाला आणि दुसरा का झाला नाही?

कारणे उघड आहेत. कश्रुतमुळे आपला स्वयंपाक घरात राहिला. यहुद्यांची कुटुंबे होती, घरात चूल होती, त्यामुळे बाहेर विकायची गरज पडली नाही. संख्या कमी, युद्धाआधी सुमारे दीड हजार. जपान्यांनी त्यांना छावण्यांत डांबले, आणि युद्धानंतर बरेच लोक ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका, इस्रायलला गेले. जी घरे बंद झाली त्यांच्याबरोबर चुलीही विझल्या. घेण्याचे मात्र त्यांनी घेतले होते. मांसाच्या कालवणात दही-दूध चालत नाही म्हणून नारळाचे दूध. जिलेटिन चालत नाही म्हणून समुद्री शेवाळाचे आगर-आगर, म्हणजे आपला चायना ग्रास. हे वाचून तुम्हाला रोश हशानाचा हलवा आठवला असेल. कोकणात आपल्या आज्यांनी नेमके हेच केले होते. नारळ पार्वे आहे, हा शोध दोन ठिकाणी दोघींनी स्वतंत्रपणे लावला.

नातीचा प्रश्न

एका संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये नात म्हणाली, "साव्ता, येथे प्रत्येकाचे काहीतरी आहे. इस्रायलमध्ये आपले काय आहे?"

मी गप्प बसले. येमेनी लोकांचे जाखनून आज प्रत्येक दुकानात मिळते; तेही शब्बाथसाठी रात्रभर ठेवायचेच पदार्थ. इराकी लोकांची शब्बाथची सकाळची न्याहारी म्हणजे तळलेले वांगे आणि अंडे. 1960 च्या सुमारास रामत गानमध्ये ती पिठात भरून विकायला घेतली, आणि 'सबीख' सगळ्या देशाचे झाले. त्यावर घालतात ते 'अंबा' म्हणजे आपल्या आंब्याचे लोणचे. शब्दसुद्धा आपला, बगदादी व्यापाऱ्यांबरोबर मुंबईहून गेलेला. शब्द पोहोचला, आपण मात्र घरातच राहिलो. बाहेर 'भारतीय जेवण' म्हटले की लोकांना लोणी घातलेली कोंबडी आठवते, जी आपण कधी शिजवलीच नाही आणि शिजवणारही नाही.

यात काही दोष परिस्थितीचा, पण काही माझाही आहे, तो सांगते. 1982 साली माझी मुलगी सात वर्षांची होती. डब्यात मी तिला चपाती आणि तळलेला मासा देई. एक दिवस डबा तसाच परत आला. मुलांनी नाके धरली होती आणि बाईंनी 'उद्यापासून सँडविच आण' म्हटले होते. मी स्वतः शिक्षिका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बोलायला हवे होते. मी गेले नाही. पांढरा पाव आणि चॉकलेट द्यायला लागले. हळूहळू घरातही तेच सुरू झाले. आज माझ्या मुलीला पुरणपोळी आवडते, पण करता येत नाही. नातीने तर चिकाचा हलवा माझ्या हातचाच खाल्ला आहे. माझ्यानंतर कोण करणार?

सिंगापुरातही सगळे आलबेल नाही, हे खरे. तेथल्या गाळेवाल्यांचे वय सरासरी साठीच्या घरात आहे. पहाटे उठून रात्रीपर्यंत शेगडीपुढे उभे राहायला मुले तयार नाहीत. सरकार नव्या लोकांना जुन्या गाळेवाल्यांच्या हाताखाली ठेवून शिकवते आहे. युनेस्कोच्या यादीत नाव आले म्हणून पदार्थ टिकत नाही; कोणीतरी करावा लागतो आणि कोणीतरी मागावा लागतो.

आपण काय करू शकतो

परत आल्यावर मी घरी हायनानी पद्धतीचा कोंबडी-भात केला. त्यात दूध-लोणी मुळीच नाही, म्हणून आपल्याला अडचण नाही. करायचा असेल तर काशेर कोंबडीला आधीच मीठ लावलेले असते हे ध्यानात ठेवून पाण्यात मीठ बेताने घाला. आल्याचे तुकडे आणि कांद्याची पात घालून मंद आचेवर पाऊण तास ते तासभर, मांस हाडाजवळ पूर्ण शिजेपर्यंत ठेवा, मग बर्फाच्या पाण्यात बुडवा. चरबीत आले-लसूण परतून तांदूळ घाला आणि त्याच पाण्यात शिजवा. दात नसलेल्यांनाही चालतो, पोटाला हलका.

तो खाताना नातीला मी फोनवर म्हटले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी शोधते आहे." निदान सुरुवात अशी करता येईल. मालिदा आपण एलियाहू हन्नबीच्या नावाने करतोच. तो करताना नातवंडांना नुसते प्रसादापुरते न बोलावता पोहे भिजवायला, नारळ खवायला बसवावे. सिनेगॉगच्या किद्दुशला केक विकत आणण्याऐवजी पाळीपाळीने आपला एकेक पदार्थ न्यावा, आणि शेजारचे मोरोक्कन, रशियन, इथियोपियन येतील त्यांना हाताला धरून वाढावा. बिरडे, सांदणे, नारळाच्या दुधाची खीर, काय वाटेल ते. चव कळली तर लोक मागतील.

आणि एक विनंती. आपल्या पाककृती 'मूठभर', 'चिमूटभर', 'अंदाजाने' अशा आपल्या डोक्यात आहेत. अंदाज आपल्याबरोबर जातो. पुढच्या वेळी कराल तेव्हा वजनकाटा घ्या, ग्रॅममध्ये लिहा, आणि एक प्रत मराठीत, एक नातवंडांकडून हिब्रूत लिहवून घ्या. लिहून घेताना ती शिकतील. चिकाच्या हलव्याचे माझे माप मी लिहायला घेतले आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, इथवर आले आहे.